एक जूनची माणसं

सातपूरच्या ज्या कारखान्यात मी एकतीस वर्षं टाइम ऑफिसला काढली, तिथं दरवर्षी एकतीस मेला हार कमी पडायचे. एरवी महिन्याला एखाददुसरा माणूस निवृत्त व्हायचा. मेच्या शेवटी मात्र रांग लागायची. शाल, नारळ, हार, साहेबांचं भाषण. पुन्हा शाल, नारळ, हार. एका वर्षी तर सातव्या माणसाच्या गळ्यातला हार काढून आठव्याच्या गळ्यात घातला आणि दोघांचा फोटो एकदमच उरकला.

आमच्या पिढीला याचं कारण सांगावं लागत नाही, पण नव्या वाचकांसाठी सांगतो. या सगळ्यांची जन्मतारीख एक जून. पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, कधीचा आहे? आईबापाला तारीख कुठून ठाऊक? गुरुजी पोराकडे एकदा बघायचे, वर्षाचा अंदाज करायचे आणि एक जून टाकून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये सुरू होते, वय बरोबर भरतं, कुणाचं काही बिघडत नाही. माझीही एक जूनच आहे. आई सांगायची, "तू झाला तव्हा बाजरी सोंगायची चालली व्हती." म्हणजे पावसाळा सरताना. पण कागदावर मी एक जूनचा, आणि कागदावरच्या तारखेप्रमाणेच निवृत्त झालो.

वडील मनमाडला रेल्वेत गँगमन होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.ए. झालो, तेही पाळ्या सांभाळून, बाहेरून परीक्षा देऊन. निकालाचा कागद वडिलांनी भगवान बुद्धांच्या तसबिरीमागे ठेवला होता. तेव्हापासून मी सही करताना नावापुढे बी.ए. लिहितो. लोक हसतात. हसू द्या. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदव्या आहेत, त्यांना त्या लिहाव्या लागत नाहीत.

टाइम ऑफिस म्हणजे गेटला लागून असलेली एका खिडकीची खोली. कामगार आला की घड्याळात कार्ड ठोकतो. आम्ही त्यावरून मस्टर भरायचं, रजा, उशीर, ओव्हरटाइम बघायचा, दुसऱ्याचं कार्ड ठोकणारा महाभाग पकडायचा. नवा माणूस आला की त्याचा फॉर्म भरायचा. थोडक्यात, माणूस आत आहे की बाहेर, हे आम्ही ठरवायचो. मी खूण केली नाही तर आठ तास भट्टीपुढं उभा राहिलेला माणूसही गैरहजर. निरोपाच्या दिवशी मॅनेजर म्हणाले, "गांगुर्डेंच्या मस्टरवर कधी खाडाखोड दिसली नाही." ते वाक्य मी घरी येऊन बायकोला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागलो तेव्हा सुमन म्हणाली, "अहो, भाजी करपतेय."

आता मुद्द्यावर येतो. लिहायचं टाळत होतो, म्हणून एवढं आडवळण झालं.

फाउंड्रीत फेटलिंग नावाचं एक काम असतं. साच्यातून निघालेल्या ओतीव लोखंडाला वाळू चिकटलेली असते, कडा वाकड्या असतात. ते ग्राइंडरनं घासून साफ करायचं. धूळ, ठिणग्या आणि कानठळ्या. आमच्या भागातली मुलं त्या कामाला टिकेनात, म्हणून ठेकेदारानं बंगालमधल्या मालदा जिल्ह्यातून पाच जण आणले. माझ्या खिडकीपुढं पहिला उभा राहिला तो रफिकुल. मिसरूड जेमतेम फुटलेलं, हातात पिशवी.

"जन्मतारीख?"

"मालूम नहीं, साब. मां बोलती है, जिस साल बाढ़ में घर गया उस साल."

"कौनसे साल गया घर?"

"घर तो तीन बार गया, साब."

रांगेतले लोक हसले. मीही हसलो. मग त्याच्या तोंडाकडे बघून वर्षाचा अंदाज केला आणि लिहिलं, एक जून. मागच्या चौघांनाही तेच विचारलं, तेच उत्तर आलं, तेच लिहिलं. माझ्या गुरुजींनी माझ्यासाठी जे केलं ते मी यांच्यासाठी केलं, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

रफिकुलनं विचारलं, "एक जून को क्या है, साब?"

"माझा वाढदिवस आहे," मी म्हणालो.

पुढच्या एक जूनला दुपारच्या सुट्टीत तो खिडकीशी आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बालुशाह्या पुढं केल्या आणि म्हणाला, "साब, आज अपना दोनों का हॅप्पी बर्थडे." मग दरवर्षी हेच. मी निवृत्त झाल्यावर तो घरी यायला लागला. घर तरी कुठं लांब होतं? आमच्या शेजारी नाना पगारांच्या भाड्याच्या खोल्या आहेत. तिथं त्याला खोली मीच शब्द टाकून मिळवून दिली होती. त्याची बायको हसीना. मुलगी रुबी इथंच नाशिकला जन्मली, आता सातवीत, मराठी शाळेत. आमच्या नातवापेक्षा तिचं शुद्धलेखन चांगलं, हे मी नातवाच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

मधल्या वर्षांत कंपनीच्या कार्डावरची ती तारीख बँकेत गेली, बँकेतून पॅन कार्डावर, तिथून आधारला. मी एकदा लिहिली आणि ती आपली आपण चालत राहिली.

गेल्या वर्षी बांगलादेशी शोधण्याची मोहीम निघाली. बेकायदा आलेल्याला सरकारनं शोधू नये, असं मी म्हणणार नाही. देशालाही मस्टर लागतंच. पण मस्टर भरणाऱ्यानं माणसाचं तोंड बघावं लागतं, नुसती भाषा ऐकून भागत नाही. मंगळवारी सकाळी पहिल्या पाळीला निघालेले रफिकुल आणि ते चौघे बसथांब्यावर आपसात बंगालीत बोलत उभे होते. तिथूनच त्यांना गाडीत घातलं. कोणतं ठाणं ते लिहीत नाही.

नऊच्या सुमाराला हसीना मागच्या दारानं आमच्या स्वयंपाकघरात आली. रुबीचा हात घट्ट धरलेला. सुमनला म्हणाली, "भाभी, हमको अंदर रखके बाहर से ताला लगा दो. कोई आए तो बोलना, गांव गए."

सुमननं एक प्रश्न विचारला नाही. दोघींना त्यांच्या खोलीत पोचवलं, बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली आणून पिठाच्या डब्यात खुपसली. दिवसातून तीनदा मागच्या खिडकीच्या गजांतून भाकरी-भाजी आत जायची. समोरच्या बायकांना काय ते कळलं होतं. कुणी विचारलं की त्या सुमनच्याही आधी सांगायच्या, "गावाला गेले ना ते." एक बाई तर पुढं जाऊन म्हणाली, "लग्न आहे त्यांच्याकडे." सुमननं तिला आत बोलावून दम दिला, "एवढं रंगवू नको गं, कुणी पत्रिका मागेल."

सगळेच असे नव्हते. गल्लीतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणीतरी टाकलं, साप घरात पाळू नका. खाली बारा अंगठे. नाना पगार मूळचे सटाण्याकडचे. चिडले की अहिराणीवर येतात. माझ्या ओट्यावर येऊन ओरडले, "गांगुर्डे, तुना त्या रफिकुलना पायी मना डोकाले ताप शे! भाडेकराराचा कागद नाही केला मी. आता माझ्यावर केस पडली तर तू येशील का आत बसायला?"

मी म्हणालो, "नाना, जरा हळू. भिंतीपलीकडे पोरगी आहे."

त्यांनी कुलपाकडे बघितलं. मग पाय न वाजवता गेले.

दुपारी मला ठाण्यात बोलावलं. व्हरांड्यातल्या बाकावर पाचही जण बसलेले. मला बघून रफिकुल उठून उभा राहिला आणि बाकीच्यांना म्हणाला, "साब आ गए." पहिल्या पाळीची शिट्टी वाजावी तसे चौघे सावरून बसले.

अधिकारी तरुण होता. वागायला चांगला, खुर्ची दिली, पाणी दिलं. टेबलावर पाच आधार कार्डं ओळीनं मांडलेली.

"काका, तारखा बघा."

बघायची गरज नव्हती.

"पाच माणसं, पाच आया, आणि जन्म एकाच दिवशी? मी बावळट दिसतो का? एकाच ठिकाणी बनवलेले बोगस कागद आहेत हे. कंपनी म्हणते, मूळ नोंद टाइम ऑफिसच्या फॉर्मवरची. फॉर्म तुमच्या अक्षरातला आहे." त्यानं पिवळा पडलेला फॉर्म पुढं सरकवला. माझं वळणदार अक्षर. "ही तारीख कुठून आली?"

त्याचा जन्म एखाद्या दवाखान्यात झालेला असणार, वेळेसकट. एक जून म्हणजे काय, हे त्याला घरात कुणी सांगितलं नसणार. मी सांगायचं होतं. एवढंच सांगायचं होतं की साहेब, ती मी टाकली, आमच्याकडे अशीच टाकतात. पण माझ्या डोळ्यांपुढं आलं ते भलतंच. सरकारी कामाला लागलेल्या फॉर्मवर खोटी नोंद. पेन्शन. भिंतीवरचं निरोपाचं मानपत्र. खाडाखोड नाही म्हणणारे मॅनेजर. आणि बी.ए.

मी म्हणालो, "त्यांनी सांगितली, ती मी लिहिली."

त्यानं जबाब लिहून घेतला. मी सही केली. नावापुढे बी.ए. लिहिलं.

बाहेर पडताना रफिकुलनं विचारलं, "बता दिया न, साब?"

"हो," मी म्हणालो. "काळजी करू नको."

बुधवारी सकाळी आनंदाची बातमी आली, असं आम्हाला वाटलं. अधिकाऱ्यानं गावाकडचे पुरावे मागितले होते. बाकी चौघांच्या घरी आईबापांचे जुने जमिनीचे कागद निघाले होते, ते यायचे होते. रफिकुलच्या घरी तीनदा वाहून गेल्यावर कागद कुठले? पण त्याच्या भावानं गावच्या शाळेतून दाखला मिळवला आणि फोटो पाठवला. रुबीनं खिडकीच्या गजांतून फोन माझ्या हातात दिला. "काका, अब्बू शाळेत होते! चौथीपर्यंत!" एवढी खुश पोर मी कधी बघितली नव्हती. मी धावत जाऊन प्रिंट काढली आणि स्वतःच्या हातानं ठाण्यात दिली. वाचली नाही. एकतीस वर्षं आलेला प्रत्येक कागद दोनदा वाचणाऱ्या माणसानं तो कागद वाचला नाही.

अधिकाऱ्यानं तो आधार कार्डाशेजारी ठेवला. दाखल्यावर जन्मतारीख होती एक जानेवारी. वर्षही दोननं मागं.

मला क्षणात कळलं. तिकडच्या गुरुजींनीही पोराकडे एकदा बघून तारीख टाकली होती. आमची एक जून, त्यांची एक जानेवारी.

अधिकारी म्हणाला, "गावात एक, इथं दुसरी. आणि तुम्ही जबाब दिलाय की यानंच एक जून सांगितली. म्हणजे यानं इथं येऊन खोटी तारीख दिली. का दिली असेल, काका?"

तेव्हाही वेळ होती. मी म्हणालो, "मी जरा बघतो," आणि बाहेर आलो. काय बघणार होतो, कुणास ठाऊक. बाकावरून रफिकुलनं हात केला.

आवारात एक म्हातारे हवालदार तंबाखू मळत उभे होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "एक जून तुम्हीच टाकली ना?"

मी मागं वळून दाराकडे बघितलं.

"माझी बी एक जूनच हाय. पण मी सांगून काय व्हनार? तुमच्या सहीचा कागद हाय, तो तुमच्याच सहीनं पुसंल. लवकर पुसा. त्या रफिकुलला धाडायचं लय घाईत चाललंय."

घरी आलो आणि सुमनला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले.

"मग आत्ता जा."

"उद्या जातो. नुसतं जाऊन काय सांगू? पुरावा नको? गल्लीतल्या लोकांची कार्डं गोळा करतो. निम्म्यांची एक जून निघेल. ते दाखवलं की पटेल."

"ते मी करते. तुम्ही आत्ता जा."

मी गेलो नाही. कारण पुरावा नव्हतं, हे आता लिहायला हरकत नाही. एकट्यानं जाऊन मी खोटं बोललो म्हणायची मला लाज वाटत होती. दहा जण सोबत असले की लाज सगळ्यांत वाटली जाते.

संध्याकाळी सुमन घरोघर हिंडली. कार्डांच्या झेरॉक्स जमायला लागल्या. रिटायर्ड कंडक्टर, भाजीवाली, पेठ तालुक्यातून आलेले दोघे भाऊ, ज्यांच्या वयात सहा वर्षांचं अंतर आणि तारीख एकच. गटावर अंगठे टाकणाऱ्या बारांपैकी तिघे निमूट आले. सगळ्यात शेवटी नाना पगार. कार्ड माझ्यापुढं टाकून म्हणाले, "मनी बी एक जून शे. मग मी बी बांगलादेशी का?" आणि खाली बसून म्हणाले, "भाड्याचा कागद नव्हता हे पण उद्या मीच सांगतो. होऊ दे काय व्हायचं ते."

बत्तीस कार्डं झाली.

गुरुवारी दहा वाजता आम्ही अकरा जण ठाण्यात गेलो. मी ती कार्डं टेबलावर मांडली. अधिकारी एकेक उचलून बघत गेला. हवालदारांनी मागून येऊन स्वतःचं कार्डही त्यात ठेवलं. मग अधिकाऱ्यानं विचारलं, "तुमचा परवाचा जबाब खोटा होता?"

"हो."

"का?"

"नावाला जपलो."

त्यानं नवा जबाब लिहून घेतला. मी सही केली. या वेळी नावापुढे काही लिहिलं नाही.

"आता रफिकुलला..." मी म्हणालो.

अधिकाऱ्यानं पेनचं टोपण लावलं. "त्याला सकाळी सातला नेलं."

"कुठं?"

"पुढं."

एवढंच. नाना पगार माझ्या खांद्याला धरून मला बाहेर घेऊन आले, ते मला नीट आठवत नाही. बाक आठवतो. बाकावर चौघे होते आणि पाचव्याची जागा त्यांनी सरकून भरलेली नव्हती.

चौघे शनिवारी सुटले. त्यांच्या घरचे कागद पोचले होते, आणि एक जूनचं कोडंही उरलं नव्हतं. गल्लीनं त्यांना ओवाळलं. मी दार लावून आत बसलो होतो.

हसीनाला सुमननं सांगितलं. मी नाही. सुमननं कुलूप काढलं तर हसीना म्हणाली, राहू दे. पुढचे कित्येक दिवस तिनं आतच काढले. दार उघडं दिसलं की तिला श्वास लागायचा. सुमन सकाळी कुलूप घालायची, दुपारी काढायची. रुबीला शाळेत पोचवायला गल्लीतल्या बायका पाळीपाळीनं जायच्या. तिकडे रफिकुलचा भाऊ, गावचे लोक, एक वकील, सगळे धावत होते. तो सीमेपलीकडे आहे एवढं कळलं होतं. बऱ्याच आठवड्यांनी त्याला परत आणलं. मधलं तो सांगत नाही. शेतातून चालायला लावलं, मागं वळू नका म्हणाले, एवढंच एकदा बोलला.

तो नाशिकला आला नाही. हसीना आणि रुबीच तिकडे गेल्या. रुबीचा शाळा सोडल्याचा दाखला मी काढून आणला. जन्मस्थळ नाशिक, जन्मतारीख दवाखान्यातली, खरी. दोनदा वाचला. नाशिकरोडला गाडीत बसताना तिनं विचारलं, "काका, तिकडे मराठीचा तास असेल का?" मी म्हणालो, असेल. तेही मी खोटंच बोललो.

रफिकुल घरी पोचल्याचं कळल्यावर मी त्याला फोन केला. ठरवून, एकटा असताना. म्हणालो, त्या दिवशी मी तुझ्यावर ढकललं, तारीख मी टाकली होती.

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. मग तो म्हणाला, "मालूम है, साब. उस साहब ने आपका लिखा हुआ पढ़के सुनाया था. उसी दिन."

म्हणजे बुधवारी, मी "जरा बघतो" म्हणून बाहेर पडलो तेव्हा, बाकावरून त्यानं मला हात केला होता, तो हे माहीत असताना.

यंदाच्या एक जूनला नेहमीप्रमाणे सकाळपासून फोन वाजत होता. जुन्या कामगारांचे फुलांचे, केकचे निरोप. नाना पगार स्वतः एक जूनचे, तरी माझ्यासाठी हार घेऊन आले. अकराच्या सुमाराला मालद्याचा नंबर दिसला.

"साब, हॅप्पी बर्थडे."

सवयीनं तोंडातून गेलं, "तुझाही."

"मेरा नहीं, साब. मेरा एक जनवरी कर दिया. सब कागज में." मग म्हणाला, "आपका वही रखना. बदलने जाओ तो बहुत पूछते हैं."